खिचडीतले खडे कोणी निवडायचे?

अगं, तुझा तो लांबलचक निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. हजेरीत 48 मुलं आणि पोषण आहाराच्या नोंदवहीत 61. चव नोंदवहीवर महिनाअखेरपर्यंतच्या सह्या आधीच होऊन बसलेल्या. तांदळाची पोती वजन न करता उतरवून घेतलेली. आणि मदतनीस मावशी रोज डबाभर खिचडी घरी नेतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षात एवढं सगळं तुझ्या नजरेला पडलं. तू नुसतं विचारलंस, तर मुख्याध्यापक हसून म्हणाले, ‘मॅडम, राज्यात कोट्यवधींची लूट चाललीय, आणि तुम्ही खिचडीतले खडे काय निवडत बसलाय?’ तू गप्प झालीस, आणि आता मला विचारतेस, ‘ताई, त्यांचं खरंच चुकतंय का गं? याहून भयंकर गोष्टी चालू असताना मी यात डोकं घालू का?’

तुला माहीत आहे, माझी सगळी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत गेली. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, ग्रामपंचायती यांची दप्तरं उघडायची, खडे निवडायचे, आक्षेप काढायचे. त्यामुळे ‘एवढंसं काय धरून बसलात’ हे वाक्य मी जितकं ऐकलंय तितकं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. तेव्हा चहा करून निवांत बस. हे दोन ओळींत उरकण्यासारखं नाही.

पहिलं म्हणजे, हा प्रश्न कोण विचारतंय ते बघ. मुख्याध्यापक विचारतात तेव्हा तो प्रश्न नसतो, ढाल असते. मोठ्या चोराचं नाव घेणाऱ्याने त्या मोठ्या चोराविरुद्ध आजवर काय केलं, एवढंच मनात विचारावं. साधा अर्ज? एखादी सही? बहुतेक वेळा काहीच नाही. तो मोठा चोर त्यांना फक्त तुझं तोंड बंद करण्यापुरता हवा असतो. तुझ्या शेजारच्या वर्गावरचे गुरुजी तेच म्हणतात तेव्हा मात्र मला त्यांचा राग येत नाही. ते दमलेले आहेत. त्यांनी कधीतरी काही बोलून पाहिलं असेल आणि त्यांची बदली लांबच्या वाडीवर झाली असेल. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तोच प्रश्न तू स्वतःला विचारतेस, तेव्हा तो खरा असतो. मी उत्तर देतेय ते त्या प्रश्नाला.

‘याहून वाईट काहीतरी आहे’ हे वाक्य शेवटपर्यंत ताणून बघ. तुमच्या शाळेपेक्षा तालुक्यात मोठं काही असेल. तालुक्यापेक्षा जिल्ह्यात, जिल्ह्यापेक्षा मंत्रालयात, तिथून दिल्लीत. शेवटी सगळ्या जगात एकच अपराध बोलण्याच्या लायकीचा उरेल, आणि तो नेमका अशा ठिकाणी असेल जिथली एकही नोंदवही तुझ्या हाताला लागणार नाही. म्हणजे या न्यायाने कोणीच कधी कशाबद्दल बोलायचं नाही.

आपल्याकडचंच बघ ना. 1927 साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा अस्पृश्यांवर होणाऱ्या अन्यायांत पाणी हा एकच अन्याय होता का? जमीन नव्हती, वेठबिगार होती, मारहाण होती, देवळं बंद होती, शाळेत मुलं बाहेर बसत होती. मग तळंच का? कारणं बरीच होती, पण मला हिशेबनीस म्हणून त्यातलं एक फार मोलाचं वाटतं. तिथे कागद झालेला होता. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 सालीच मंजूर केला होता. महाड नगरपालिकेने 1924 साली आपलं तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. फक्त अस्पृश्यांपैकी कोणी तळ्याकडे फिरकू शकत नव्हतं. संस्थेने स्वतःच लिहून दिलेलं आणि स्वतःच न पाळलेलं असं ते प्रकरण होतं. 20 मार्च 1927 ला लोक तळ्यावर गेले ते त्या कागदाला जाग आणायला. पुढे खटला झाला आणि उच्च न्यायालयात निकाल लागायला 1937 उजाडलं. तुझी खिचडी मी चवदार तळ्याच्या पंक्तीला बसवत नाहीये, गैरसमज नको. मला एवढंच दाखवायचंय की ‘सगळ्यांत वाईट काय’ एवढ्यावर विषय निवडता येत नाही. कुठे बोट ठेवलं तर संस्थेला तोंड फिरवता येणार नाही, हेही बघावं लागतं.

तुझ्या बाबतीत तसे कागद भरपूर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 ला शाळेत शिजवलेलं गरम जेवण द्यायचा आदेश दिला. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा, त्याखालचे मध्यान्ह भोजनाचे नियम 2015 चे. 2021 पासून योजनेचं नाव पीएम पोषण झालं, पण माप तेच राहिलं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. जेवणातून लहान मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, मोठ्याला 700 आणि 20. यातलं काहीही तुझं मत नाही, छापील आहे. जिथे माप छापील आहे तिथे वाद ‘मला असं वाटतं’ यावर जात नाही, आणि पहिल्या वर्षाच्या शिक्षिकेसाठी ही फार मोठी सोय आहे.

आता आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगते. लेखापरीक्षक सगळं तपासत नाही. शक्यच नसतं. एका पंचायत समितीत वर्षाला हजारो व्हाउचरं असतात आणि हातात मोजके दिवस. मग नमुना काढायचा. नवख्याला वाटतं, मोठ्या रकमा आधी बघायच्या. त्या बघतोच. पण मुरलेला माणूस लहान रकमेपाशीही थांबतो, जर तिचा वास वेगळा असेल तर. बेरजेतली चूक लाखाची असली तरी ती चूकच असते. दुरुस्त करायची आणि पुढे जायचं. याउलट दोनशे रुपयांची खोटी सही असेल तर खुर्ची पुढे ओढून बसायचं. ज्या टेबलावर खोटी सही खपते, त्या टेबलावर दोनशेनंतर काय खपलं असेल ते कोणी सांगावं?

बिहारच्या चारा घोटाळ्याचं नाव तू ऐकलंस ते सुमारे 950 कोटींचा घोटाळा म्हणून. पण त्याची पहिली खूण कसली होती माहितेय? कोषागारांचे मासिक हिशेब उशिरा येत होते, एवढीच. 1985 साली तेव्हाचे महालेखापरीक्षक टी. एन. चतुर्वेदी यांनी तिकडच्या मुख्यमंत्र्यांना त्याबद्दल लिहिलं होतं. हिशेब उशिरा येणं! याहून फालतू अपराध असेल का सरकारी कचेरीत? जानेवारी 1996 मध्ये चाईबासाचे उपायुक्त अमित खरे यांनी पशुसंवर्धन खात्याच्या कचेऱ्यांवर छापे घातले, तेव्हा ते उघड्यावर आलं. मधली 11 वर्षं कोणीतरी कोणालातरी ‘यापेक्षा मोठे प्रश्न आहेत’ म्हणतच असणार. लहान आणि मोठा गैरव्यवहार या दोन वेगळ्या जाती असतात असं समजू नकोस. पुष्कळदा ते एकाच प्राण्याचं बालपण आणि तारुण्य असतं.

पण म्हणून सगळंच धरायचं असंही नाही. सगळं धरणारी माणसं मी पाहिलीत. प्रत्येक गोष्टीवर अर्ज, प्रत्येक सभेत आवाज. वर्षभरात कचेरीतला शिपाईसुद्धा त्यांचा अर्ज न वाचता फायलीत लावतो. तुझ्याकडे एकच आवाज आहे, आणि नवीन माणसाचा आवाज लोक पहिल्यांदा नीट ऐकतात. तो कशावर खर्च करायचा ते ठरवू. तू सांगितलेल्या चार गोष्टी घे.

मदतनीस मावशींचा डबा. हा सोड. आजच सोड. केंद्राच्या हिशेबात स्वयंपाकी-मदतनिसाचं मानधन 2009 पासून महिना 1000 रुपये, तेही वर्षातले 10 महिने. राज्य त्यात आपली भर घालतं, तरी ती मजुरी म्हणवत नाही. मुलं पोटभर जेवून उरलेली खिचडी त्या नेत असतील, तर त्यात अपराध शोधायचा नाही. मुलांना वाढण्याआधीच डबा भरत असेल तर बाजूला घेऊन एकदा बोल, बस्स. आणि एक लक्षात ठेव, या चारांत सगळ्यांत सोपं लक्ष्य तोच डबा आहे. मावशींना ना संघटनेचा आधार, ना तुझ्यासारखं नेमणूकपत्र. जिथे चौकशी होते तिथे ती सर्वात आधी डब्यापर्यंत पोचते आणि तिथेच संपते. एका बाईला काढलं, प्रकरण मिटलं. तुझ्या तक्रारीचा असा शेवट होऊ शकतो हे ओळखून तो दरवाजा तू आधीच बंद कर. तुझ्या अर्जात डब्याचा ड सुद्धा नको.

आता फुगवलेली संख्या. इथे लगेच ‘चोर’ म्हणू नकोस, आधी गणित कर. 13 मुलं जास्तीची, प्रत्येकी 100 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 1 किलो 300 ग्रॅम. महिन्याला 20 दिवस धरले तर 26 किलो तांदूळ कागदावर शिजतो आणि पातेल्यात येत नाही. आता दुसरी बाजू. 48 मुलांना महिन्याला 96 किलो लागतो, म्हणजे साधारण दोन पोती. पोतं 50 किलोचं म्हणून येतं आणि वजन केलं तर दोनेक किलो कमी भरतं, हे तुझ्या मावशींनाही ठाऊक आहे. ती तूट कोणाच्या नावावर टाकायची? मुख्याध्यापकाने पावतीवर 50 लिहून सही केलेली असते, मग साठा जुळवायला तो मुलं वाढवतो. शिवाय इंधन-भाजीपाल्याचे पैसे महिनोन् महिने येत नाहीत, किराणा दुकानात मुख्याध्यापकाची उधारी असते. ही त्यांची खरी अडचण आहे, आणि तू ती मान्य केलीस तर ते तुझ्याशी बोलायला लागतील.

पण गणित पुढे ने. दोन पोत्यांतली तूट 4 किलो. पोती त्याहून हलकी असली तर 6 धर. वाढवून लिहिलेला तांदूळ 26. उरलेले 20 किलो कुठे गेले? जुळलं असतं तर मी म्हटलं असतं की हा माणूस वरच्या चोरीचं भोक स्वतःच्या सहीने बुजवतोय, त्याला सोबत घेऊन वर जा. जुळत नाही, तेव्हा वरची चोरी आहे आणि तिच्या सावलीत खालचीही आहे. आकड्यांचं हेच बरं असतं. माणूस आवडो न आवडो, ते आपलं म्हणणं बदलत नाहीत. अर्थात तुझी 61 आणि 48 ही नोंद एका दिवसाची आहे. महिनाभराचं बघितल्याशिवाय यातलं एक अक्षरही कोणापुढे काढायचं नाही.

पोती न मोजता घेणं हे तुला चारांत सर्वात किरकोळ वाटलं होतं. तू ते जाता जाता सांगितलंस. माझ्या लेखी पैशाच्या बाजूने तेच सर्वात वजनदार आहे, कारण ते एका शाळेचं नाही. तोच पुरवठादार तालुक्यातल्या सगळ्या शाळांत तीच गाडी घेऊन जातो. प्रत्येक शाळेत दोन-दोन किलो, आणि प्रत्येक मुख्याध्यापक आपल्यापुरता गप्प. राजस्थानात 1990 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं तेही असल्याच बारीकसारीक गोष्टीवर. दुष्काळी कामावर मजुरी कमी का मिळते, तर मस्टरवर काय लिहिलंय ते दाखवा, एवढी मागणी. गावात जनसुनवाई घेऊन मस्टर मोठ्याने वाचायला लागले, तशी मेलेल्या माणसांची आणि कधी न झालेल्या कामांची नावं बाहेर पडली. 1996 साली ब्यावरला 40 दिवस धरणं झालं आणि त्या वाटेने देशाला 2005 चा माहिती अधिकार कायदा मिळाला. त्याच वर्षांत दिल्ली-मुंबईत शेअर बाजार आणि हवाला गाजत होते. तेही मोठंच होतं. पण मजुराला आपली हजेरी आपल्या डोळ्यांनी तपासता येत होती, हवाला नव्हता तपासता येत.

राहिली चव नोंदवही. रुपयाचाही गैरव्यवहार नाही त्यात. शिजलेलं अन्न मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी, त्यात एका शिक्षकाने, चाखायचं आणि सही करायची. तुमच्याकडे 30 तारखेपर्यंत ‘चव उत्तम’ लिहून झालंय, आज 11 तारीख आहे. मुख्याध्यापक म्हणतील, ही तर नुसती कागदी औपचारिकता. तेव्हा बिहारच्या सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव आठव. 16 जुलै 2013. स्वयंपाकिणीने तेलाचा वास वेगळा येतोय असं सांगितलं होतं. मुलं चव बरी नाही म्हणाली होती. तरी वाढलं गेलं. तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं, शेतात फवारायचं औषध. 23 मुलं गेली. त्या स्वयंपाकिणीच्या बोलण्यावर कोणी मोठ्या माणसाने एक घास तोंडात घातला असता तर पुढचं काय झालं असतं, हे मी तुला सांगायला नको. मुख्याध्यापिकेला 2016 साली शिक्षा झाली. पण तोवर शिक्षा कोणाच्या कामाची होती?

म्हणून माझा क्रम असा आहे. चव पहिली, पोती दुसरी, संख्या तिसरी, डबा नाहीच. पैशाच्या रकमेने लावला असता तर क्रम वेगळा आला असता. मी आधी हे बघते की आज गप्प बसले तर उद्या ज्याचं नुकसान होईल ते नंतर भरून देता येईल का. तांदूळ वसूल करता येतो. मूल परत आणता येत नाही. मग बघते की हे एकाच माणसाचं आहे की सगळ्या व्यवस्थेने अंगवळणी पाडून घेतलंय. आणि शेवटी बघते की माझ्या हातात काय आहे. तुझ्या हातात चमचा आहे, ताणकाटा आणता येतो, आणि हजेरीपट तर तूच भरतेस.

एक कडू गोष्टही सांगते, कारण ती दुसरं कोणी सांगणार नाही. विषय निवडताना आपण स्वतःला फसवतो. जो माणूस आपल्याला आवडत नाही त्याचा अपराध आपल्याला मोठा दिसतो. रजेवरून तुझं आणि मुख्याध्यापकांचं वाजलंय हे तूच मला सांगितलं होतंस. मग स्वतःला विचार, ज्या मॅडम तुला घरून पोळी-भाजी आणतात त्यांच्या हातून ही नोंदवही अशीच भरली गेली असती, तर तू बोलली असतीस का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढे जा. अडखळलीस तर आठवडाभर थांब. अपराध खरा असला तरी हेतूत खोट असेल तर पहिल्याच चौकशीत ती खोट पुढे येते, आणि मग अपराध मागे पडतो.

आणि हो, ‘याहून वाईट काहीतरी आहे’ हे म्हणणं एका ठिकाणी मात्र शंभर टक्के खरं असतं. ती दुसरी गोष्ट तुझ्याच हाताशी असेल तेव्हा. समज, उद्या एखादी मुलगी तुझ्यापाशी येऊन सांगते की अमक्याने मला नको तसा हात लावला. त्या क्षणी खिचडी, पोती, चव सगळं बाजूला. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. कलम 21 प्रमाणे न कळवणं हा गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्याची शिक्षा जास्त. 2024 मध्ये बदलापूरच्या प्रकरणात शाळेच्या विश्वस्तांवर याच कलमाखाली गुन्हा नोंदला गेला. तिथे ‘आधी शाळेत बोलू, चौकशी करू, शाळेचं नाव’ असलं काहीही ऐकायचं नाही. मोठ्या अपराधासाठी लहान बाजूला ठेवणं म्हणजे हे. दूरच्या अपराधाचं नाव घेऊन जवळचा झाकणं म्हणजे ते नव्हे.

आता करायचं काय, ते सांगते. तू शिक्षण सेवक आहेस, तीन वर्षांची मुदत अजून पुरी व्हायची आहे, हे विसरून मी सल्ला देणार नाही. आणि भ्रमणध्वनीवर चित्रफीत काढून गटात टाकायची, हे तर मुळीच नको. 2019 साली उत्तर प्रदेशात मिर्झापूर जिल्ह्यात शाळेतली मुलं मीठ-पोळी खाताना दाखवली, तेव्हा दाखवणाऱ्या पत्रकारावरच गुन्हा दाखल झाला होता. पुढे तो त्यातून सुटला, पण मधले महिने त्याचे गेले ते गेलेच. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने 2014 साली केला खरा, पण तो लागू करायची अधिसूचना वर्षानुवर्षं निघाली नाही. तेव्हा संरक्षण आपलं आपण करायचं.

सुरुवात चवीपासून कर, कारण त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मुख्याध्यापकांना सांग, ‘सर, उद्यापासून चव मी घेते, तुमचं एक काम कमी.’ नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नाही. रोज चाख, त्या दिवसाची वेळ घालून सही कर, आणि डाळ कच्ची असेल तर ‘डाळ कच्ची’ असंच लिही. आधीच्या खोट्या सह्यांवर खाडाखोड करू नकोस, त्या जशा आहेत तशा राहू देत. पुढच्या खेपेला तांदूळ येईल तेव्हा काटा मागव. गावात काटा नसतो असं गावच नाही. पोत्याचं वजन झालं की जे भरेल तेच पावतीवर लिहायचं. ‘तूट 2 किलो’ एवढे शब्द. मुख्याध्यापकांना त्यांच्याच भल्याचं सांग की ही तूट लिहिली तर ती पुरवठादाराची होते, नाही लिहिली तर तुमची. उधारीचं म्हणाले तर 2015 च्या नियमांची आठवण दे. आहाराचा निधी तात्पुरता उपलब्ध नसेल तर शाळेकडचा दुसरा निधी वापरून जेवण चालू ठेवायचा अधिकार मुख्याध्यापकाला त्यांत दिलाय. उधारीवर खोटी मुलं हा त्यावरचा उपाय नव्हे.

एवढ्याने बरंच सुधारतं, माझा अनुभव आहे. निम्म्या कचेऱ्यांत लोकांना फक्त एवढं कळायला हवं असतं की कोणीतरी मोजतंय.

नाही सुधारलं तर शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. तुमच्याकडे ती फक्त सह्यांपुरती असेल, तरी त्यातली एखादी आई अशी असतेच जिला आपल्या पोराच्या ताटाचं पडलेलं असतं. तिला आहाराच्या वेळेला शाळेत बोलाव. तू काही बोलू नकोस, तिला पातेलं बघू दे. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा झाला तर तो तिने करावा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, आणि 30 दिवसांत उत्तर. गेल्या तीन महिन्यांच्या आहार नोंदवहीची आणि हजेरीपटाची प्रत मागायची. दोन्ही शेजारी ठेवल्यावर आरोप करायची गरजच उरत नाही. त्याच्यावर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले शालेय पोषण आहार अधीक्षक, मग गटशिक्षणाधिकारी. एकेक पायरी, लेखी, आणि प्रत्येक कागदाची पोच हातात घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही.

बाकी जे आत्ता सोडतेयस ते एका वहीत तारीख घालून लिहून ठेव. सोडणं म्हणजे मान्य करणं नव्हे. आमच्याकडे सुद्धा काही आक्षेप त्या वर्षी निघत नसत, पण टिपणात राहत आणि तीन वर्षांनी त्याच टेबलाशी पुन्हा गेलो की कामाला येत. आणि राज्यातल्या त्या कोट्यवधींच्या लुटीचं ओझं रात्री उशाशी घेऊन झोपू नकोस. तिच्यापाशी बसलेला कोणीतरी कारकून, कोणीतरी अधिकारी आज हाच प्रश्न स्वतःला विचारत असेल. त्याच्या वाटचं उत्तर तुला देता येणार नाही.

सरांशी बोलताना आवाज चढवू नकोस. महिन्याभराचे आकडे हाती आले की अर्जाचा मसुदा कर आणि कुठेही देण्याआधी मला पाठव. त्यातली विशेषणं मी काढून टाकीन, बेरजा तू तपास.